हेवी लायसन्सची प्रश्नोत्तर पुस्तिका: कोणती पानं पाठ करायची, कोणती सोडायची

एमएच-२० संभाजीनगर असो, एमएच-२४ लातूर असो की एमएच-२६ नांदेड, आरटीओच्या फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात वाहन परवाना प्रश्नोत्तरांच्या पातळ पुस्तिका मिळतात. छापणारे वेगवेगळे, पण आतला मजकूर बहुतेक सारखाच: आधी चिन्हांची रंगीत पानं, मग प्रश्न आणि खाली तीन-तीन पर्याय, शेवटी दंडाचा तक्ता. हेवीच्या, म्हणजे ट्रकसारख्या जड वाहनाच्या लायसन्सच्या, तयारीला लागलेला जवळजवळ प्रत्येक पोरगा यातली एक विकत घेतो. म्हणून एकाच पुस्तिकेचा नाही, तर या सगळ्या प्रकाराचाच इथे कस लावला आहे. जोडीला लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवरची सराव परीक्षा आणि ड्रायव्हिंग स्कूलचा थिअरीचा तास हेही पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. चिन्हांची पानं घेण्यासारखी आहेत. दंड, मुदत आणि वजन यांच्या पानांवर छपाईचं वर्ष तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आणि ट्रक म्हणून ट्रकबद्दल जे शिकायला हवं, म्हणजे हवेचे ब्रेक, घाट, माल भरणं, ते या पुस्तिकांत नसल्यासारखंच आहे.

ही पुस्तिका नेमक्या कोणत्या परीक्षेला लागते, याबद्दलच बराच गोंधळ आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्टचं (माल किंवा भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीचं) शिकाऊ लायसन्स काढायला वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स किमान एक वर्षाचं जुनं लागतं. म्हणजे संगणकावरची प्रश्नांची परीक्षा येते ती पहिल्या पायरीवर, कारच्या शिकाऊ लायसन्सला. ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याला केंद्रीय मोटार वाहन नियम ११ त्या प्राथमिक परीक्षेतून सूट देतो. दुसऱ्या पायरीवर लागतात ते नमुना १अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त स्कूलचा नमुना ५ (प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला) आणि ट्रकवरची प्रत्यक्ष चाचणी. चाचणीच्या वेळी इन्स्पेक्टरांनी तोंडी प्रश्न विचारला, तर तो गाडीबद्दलचा असण्याची शक्यता जास्त. पोरं मात्र पुस्तिकेतले कारचे प्रश्न घोकून येतात आणि "टाकीतलं पाणी कधी काढतोस?" म्हटलं की डिझेलच्या टाकीकडे बघतात. विचारलेलं असतं हवेच्या टाकीबद्दल.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधी तपासा. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायची असेल, तर त्यासाठी हेवी काढायची गरज नाही. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. त्याआधी छापलेल्या पुस्तिकांत हे सापडणार नाही.

आता पहिल्या पायरीची परीक्षा. १५ प्रश्न, प्रत्येकाला ३० सेकंद, ९ बरोबर आले की पास. नियमातलं शुल्क शिकाऊ लायसन्सला प्रत्येक वर्गामागे १५० रुपये, परीक्षेचे ५० आणि पुढे प्रत्यक्ष चाचणीचे ३००. मराठी भाषा निवडता येते. २०२१ पासून आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्याही देता येते. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या चाचणीला जाता येतं.

या परीक्षेपुरतं बोलायचं तर पुस्तिकेपेक्षा सारथीवरची मोफत सराव परीक्षा सरस आहे. कारण साधं आहे. पुस्तिकेत उत्तर प्रश्नाच्या खालीच ठळक छापलेलं असतं, त्यामुळे डोळ्याला त्याची जागा पाठ होते. पडद्यावर पर्यायांचा क्रम बदलला आणि घड्याळ पळायला लागलं की तीच ओळखीची ओळ परकी वाटते. दिवसाला दोन वेळा सराव परीक्षा द्या आणि चुकलेला प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहा. "ब पर्याय" असं लिहून ठेवलं तर काही उपयोग नाही. पोरं नापास होतात ती बहुधा न समजल्यामुळे नाही, घाईने वाचल्यामुळे. प्रश्नातला "नाही" किंवा "खालीलपैकी कोणते चूक" हे शब्द सुटतात. ३० सेकंद कमी वाटले तरी दोनदा वाचायला पुरतात.

पुस्तिकेची खरी ताकद चिन्हांची पानं. ती भिंतीवर चिकटवता येतात, कॅबिनमध्ये ठेवता येतात. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधानता, चौकोनी निळं म्हणजे माहिती, हे तीन गट सगळ्याच पुस्तिका नीट मांडतात. आठ कोनांचा थांबा आणि उलटा त्रिकोण 'रस्ता द्या' हे दोन अपवाद वेगळे दाखवलेले आहेत का, तेवढं पाहून घ्या. ट्रकवाल्याने यातली सहा चिन्हं बाकीच्यांपेक्षा पक्की करावीत: उंचीची मर्यादा, रुंदीची मर्यादा, लांबीची मर्यादा, वजनाची मर्यादा, अॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आस) वजनाची मर्यादा आणि ट्रकला मनाई. यातही वजन आणि अॅक्सल वजन या जोडीत गल्लत होते. वजनाच्या मर्यादेच्या गोलात नुसता टनाचा आकडा असतो. अॅक्सलच्या गोलात आकड्याबरोबर दोन चाकं जोडणारा दांडा काढलेला असतो. पहिला आकडा पूर्ण गाडीचा, दुसरा एका अॅक्सलचा. हलक्या कागदावर छापलेल्या पुस्तिकेत तो दांडा इतका पुसट येतो की दोन्ही चिन्हं एकच वाटतात. विकत घेताना आधी तेच पान उघडून बघा.

रक्षक नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न प्रत्येक पुस्तिकेत आहे आणि बहुतेक ठिकाणी उत्तर अर्धवट आहे. "थांबून दोन्ही बाजूला पाहावे" एवढ्यावर काम भागत नाही. कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे ड्रायव्हरने गाडी थांबवायची आणि क्लीनरने उतरून फाटकापर्यंत चालत जाऊन गाडी येत नाही याची खात्री करायची. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. चिन्हाखाली दोन पट्ट्या असतील तर फाटक २०० मीटरवर, एक पट्टी असेल तर ५० ते १०० मीटरवर. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं रेल्वेने आता बंद केली आहेत, तरी नियम ११ च्या अभ्यासक्रमात हा मुद्दा नावानिशी आहे, त्यामुळे सोडू नका. त्याच नियमात अपघातानंतरची कर्तव्यं आहेत आणि सोबत बाळगायची कागदपत्रं. अपघाताचं उत्तर असं: जखमीला दवाखान्यात पोहोचवणं, जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने शक्य नसेल तर तेवढी सूट, पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवणं, विमा कंपनीला लेखी कळवणं. विमा कंपनीचा तिसरा भाग बऱ्याच छपाईत गळलेला दिसतो.

जुनी छपाई ओळखायची कशी, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुखपृष्ठावर नवं वर्ष टाकून आत जुनीच पानं बांधलेली असतात. दुकानातच पाच जागा तपासा. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ३ वर्षं लिहिली असेल तर पुस्तिका जुनी; २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ५ वर्षं आहे. आठवी पासची अट लिहिली असेल तर जुनी. ती अटही २०१९ मध्ये गेली. ओव्हरलोडचा दंड २,००० रुपये असेल तर जुनी. आता तो २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो तो वेगळाच. दारू पिऊन चालवण्याचा पहिला दंड २,००० दाखवला असेल तर जुनी. आता १०,००० रुपयांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आणि रस्त्याच्या नियमांना '१९८९ चे नियम' म्हटलं असेल तर तेही जुनं, कारण २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे वाहन चालन विनियम आले. पाचपैकी दोन जरी जुने निघाले तरी ती पुस्तिका फक्त चिन्हांसाठी ठेवा. वेगाच्या तक्त्यालाही हेच लागू. समृद्धी महामार्गावर जालना किंवा संभाजीनगरहून चढलात तर कारला १२० असलं तरी ट्रकला ८० च. पुस्तिकेतला कारचा आकडा डोक्यात घेऊन ट्रकमध्ये बसू नका.

वजनाचं पान बहुतेकजण नुसतं उलटून पुढे जातात. जे पान पगाराशी आणि जिवाशी जोडलेलं आहे, नेमकं तेच वगळलं जातं. २०१८ मध्ये केंद्राने अॅक्सलची मर्यादा वाढवली: मागच्या चार टायरच्या एका अॅक्सलला १०.२ वरून ११.५ टन, सहाचाकीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, दहाचाकीचं २५ वरून २८.५ टन. पुस्तिकेत १६.२ आणि २५ दिसले की जुनी. पण आकडा पाठ असून भागत नाही, गणित यायला हवं. समजा आरसीवर एकूण वजन १८,५०० किलो आणि रिकामं वजन ६,२०० किलो आहे. वजाबाकी १२,३०० किलो. लातूरच्या डाळ मिलमधून ५० किलोची पिशवी भरायची तर हिशोबाने २४६ पिशव्या. पण ताडपत्री, दोरखंड, जादा स्टेपनी, ड्रायव्हर, क्लीनर यांचंही वजन त्याच १२,३०० मध्ये बसवायचं असतं, म्हणून प्रत्यक्षात २४० च्या खालीच थांबावं. काट्यावर ४ टन जास्त निघाले तर २०,००० अधिक ८,००० म्हणजे २८,००० रुपये. आणि हिशोबाला आकडा नेहमी आपल्या आरसीवरचा घ्यायचा, अधिसूचनेतला नाही.

एकूण वजन बरोबर असूनही एक अॅक्सल जास्त भरू शकतो, हे तर एकाही पुस्तिकेत समजावलेलं नाही. जालन्याची सळई मागे सरकवून भरली की मागच्या अॅक्सलवर भार जातो आणि पुढचं चाक हलकं होतं. स्टिअरिंग हातात मऊ लागतं आणि ओल्या रस्त्यावर वळण धरत नाही. सळई डाल्याच्या बाहेर लोंबली तर वजनाचा प्रश्नच राहत नाही, बाहेर आलेल्या मालाचा २०,००० रुपयांचा दंड वेगळा आहे. परभणीच्या कापसाच्या गठाणी उलट वागतात: वजन कमी, उंची जास्त. मालवाहू गाडीची उंची २०२० पासून ४ मीटरपर्यंत चालते, पुस्तिकेत ३.८ असेल तर समजून जा.

आता जे पुस्तिकेत नाही ते. हवेच्या ब्रेकवर फार तर एक प्रश्न असतो, "एअर ब्रेक कोणत्या वाहनाला असतात?" शिकायला हवं ते असं. ट्रकमध्ये हवा ब्रेक लावायला लागते, पण हँडब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. म्हणून टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि चालताना हवा फार उतरली तर मागची चाकं आपोआप जाम होतात. त्याआधी बझर वाजतो. बझर वाजला की बाजूला घेऊन थांबायचं. पुढच्या ढाब्यापर्यंत रेटायचं नाही. रोजची तपासणी दोन मिनिटांची आहे: चाकाला लाकडी ठोकळा लावा, इंजिन चालवून हवा भरा, इंजिन बंद करा, गेजचा काटा बघा, ब्रेक दाबून धरा. काटा सतत उतरत राहिला किंवा खालून फुसफुस ऐकू आली तर गळती आहे. दिवसाच्या शेवटी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा. हवेतली वाफ थंड होऊन टाकीत साठते. ती न काढल्यास आत गंज धरतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. फेरी मारताना मागच्या जोडटायरच्या मधे दगड अडकलेला नाही ना, हेही बघा. सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो.

घाटाबद्दल पुस्तिका एकच गोष्ट सांगते: अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. बरोबर आहे, पण अपुरं. मांजरसुंब्याच्या उतारावर भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरवायची, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. उतारात मधेच गिअर काढायला गेलं आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि इंजिनाचा रोध जातो. मग सगळा भार ड्रमवर. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते, पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे हेच विकत घेतात. अंतराचं साधं गणितही पोराला करता आलं पाहिजे: ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद त्यातच गेला. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर आली की हेच गणित कामाला येतं.

हे सगळं शिकवण्याची जागा म्हणजे स्कूलचा थिअरीचा तास. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्टचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तासांचं. मान्यता देतानाच स्कूलकडे फळा, चिन्हांचे तक्ते, गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम, जॅक, टायरमधली हवा मोजायचं गेज असं साहित्य असणं बंधनकारक आहे. म्हणून फी ठरवण्याआधी वर्गखोली बघायला मागा. ब्रेक शू आणि ड्रम टेबलावर असेल आणि त्याला हात लागल्याच्या खुणा असतील, तर तिथे शिकवणं चालतं. नुसते तक्ते फ्रेममध्ये लटकलेले आणि ड्रमवर धूळ असेल तर तुम्हाला नमुना ५ मिळेल, ब्रेक समजणार नाही. चालवलेल्या तासांची नोंद नमुना १५ च्या रजिस्टरमध्ये होते. रोजची सही रोज करा, महिनाअखेर एकदम करू नका. सही म्हणजे तेवढे तास मिळाले याची कबुली असते. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात जायची सोय असेल तर तिथला जड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि तो नुसत्या स्कूलपेक्षा चांगला.

टँकरवर जायचं असेल तर पुस्तिका सरळ बाजूला ठेवा. धोकादायक माल नेणाऱ्याला नियम ९ प्रमाणे ३ दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर नोंद करावी लागते, आणि ती नोंद ३ वर्षं चालते. भाषेचीही अट आहे: एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हवं. या तीन दिवसांत खरं शिकायचं ते टँकरवरची आपत्कालीन माहितीची पाटी वाचणं. चार आकडे म्हणजे मालाची ओळख: पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एलपीजी १०७५, इथेनॉल ११७०. साखर कारखान्यांमुळे मराठवाड्यात इथेनॉलचे टँकर बरेच दिसतात. त्यावरचा हॅझकेम कोड आकडा आणि अक्षरांचा असतो. आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचे जाडे फवारे, २ बारीक फवारे, ३ फेस, ४ कोरडी पूड. शेवटी 'ई' असेल तर आजूबाजूची माणसं हलवायची. इथेनॉलच्या कोडमध्ये २ च्या आधी एक ठिपका असतो. त्याचा अर्थ साधा फेस चालत नाही, फेस वापरायचा तर अल्कोहोलला टिकणाराच लागतो. मालाचं ट्रेमकार्ड (गळती किंवा आग लागल्यास काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) कॅबिनमध्ये, हात पोहोचेल तिथे ठेवायचं. मालकाच्या ऑफिसातल्या फाईलमध्ये ठेवलेलं ट्रेमकार्ड गळतीच्या वेळी कोणाच्या कामाचं नाही.